पंधरा मणक्यांचं हृदय

मोजमापाच्या बाबतीत योशिहारू ओचींचा जगात एकाच माणसावर विश्वास होता, आणि तो माणूस म्हणजे स्वतः ओची. मात्सुयामाच्या आसपासचे डोंगरी रस्ते त्यांनी सदतीस वर्षं मोजले होते. निवृत्तीनंतर मोजायला डोंगर उरले नाहीत, मग त्यांनी घर मोजायला घेतलं. बायकोने, म्हणजे सातोएबाईंनी चिरलेल्या मुळ्याच्या चकत्यासुद्धा त्यातून सुटल्या नाहीत.

कुरी ही त्यांची बारा वर्षांची चिवावा कुत्री. तिच्या हृदयाची झडप गळकी झाली होती. डॉक्टर तोयामाबाई दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढून हृदय वाढलंय का ते बघत. हृदयाची लांबी आणि रुंदी पाठीच्या मणक्यांशी ताडायची, किती मणके भरतात त्याची बेरीज करायची. साडेदहाच्या आत असेल तर ठीक, वर गेलं तर गोळ्या सुरू.

त्या शुक्रवारी एक्स-रे निघतोय तोच दोरा गिळलेलं एक मांजर आलं. बाई म्हणाल्या, आता हे ऑपरेशन, मग भावाच्या लग्नाला फुकुओका, सोमवारी मोजून सांगते. ओचींनी एक्स-रेची छापील प्रत तेवढी मागून घेतली.

"सोमवारपर्यंत कशाला ताटकळायचं?" घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले. "दहा मिनिटांचं काम आहे."

कर्कटक, भिंग, टोक काढलेली पेन्सिल. कागदावर सगळ्यात मोठा, गोल गरगरीत आकार दिसला तो त्यांनी मोजला. पंधरा! पुन्हा मोजलं, पंधरा. तिसऱ्यांदाही पंधरा. चूक असती तर दर वेळी वेगळी आली असती, असा त्यांचा तर्क. ते मटकन खाली बसले.

त्या क्षणापासून कुरीचं चालणं बंद झालं. ओची तिला तान्ह्या बाळासारखं पाठीशी बांधून घरभर हिंडवू लागले. सकाळी भाजलेला मासा, दुपारी उकडलेली कोंबडी, संध्याकाळी जे मागेल ते. लेकीला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "भेटायचं असेल तर ये." मिझुहो शनिवारी हिरोशिमाहून बोटीने रडत रडत आली. कुत्रीचं नाव फोनवर आलंच नव्हतं, त्यामुळे ती आईसाठी रडत होती. दार आईनेच उघडल्यावर ती आणखी मोठ्याने रडली.

सोमवारी दवाखाना उघडायच्या आधीच तिघं दारात उभी होती. कुरी ओचींच्या पाठीवर घोरत होती.

"किती दिवस आहेत तेवढं सांगा," ओची म्हणाले आणि त्यांनी आपला कागद पुढे केला.

तोयामाबाईंनी तो बराच वेळ पाहिला. ओठ दाबून धरले.

"ओचीसान, मोजलंय अगदी अचूक. पण हे पोट आहे."

मग बाईंनी विचारलं, एक्स-रेच्या आधी हिला खायला काय दिलं होतं? सातोएबाई हळूच म्हणाल्या, अर्धं रताळं. ओचींनी छताकडे पाहिलं. उरलेलं अर्धं त्यांनी दिलं होतं.

मिझुहो हसू लागली, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पोटाच्या पुढचा, छातीतला फिकट अंडाकृती आकार दाखवला आणि पडद्यावर स्वतः मोजलं. मागच्या वेळी दहा होतं, आता दहा पूर्णांक आठ दशांश. पंधरा नव्हतं, पण वाढ खरी होती. गोळ्या सुरू करायला हव्यात, दिवसातून दोनदा, कायमच्या. वेळेवर कळलंय, अजून बरीच वर्षं काढेल, असं त्या म्हणाल्या. ओचींनी मान हलवली.

"मला मोजायला काहीच उरलं नाही का?" त्यांनी विचारलं.

बाईंना दया आली. त्यांनी काम दिलं: रोज दुपारी कुरी गाढ झोपली की मिनिटाला किती श्वास घेते ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. तिसाच्या वर गेले तर लगेच फोन करायचा.

महिन्याभराने सातोएबाई वही घेऊन आल्या. बाईंनी पानं चाळली. रोज बावीस, तेवीस, एकवीस, अगदी छान. पण प्रत्येक तारखेपुढे आणखी एक आकडा होता.

"हे चौदा-पंधरा कुणाचे?"

"मोजणाऱ्याचे," सातोएबाई म्हणाल्या. "तिच्याआधी तेच झोपतात. मग मी दोघांचे मोजते."