प्रत्येक सळीत तोच तडा

दर्जा तपासणीच्या साहेबांनी यंत्र आणलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पोलादाचे कण मोजणाऱ्या बाईंना भांडारात पाठवलं. "माणूस म्हटला की चुकणारच," साहेब म्हणाले. आता कॅमेरा फोटो काढणार, संगणक मोजणार. नमुना ठेवायचं काम तेवढं साहेबांनी स्वतःकडे घेतलं. सळीच्या आरशासारख्या घासलेल्या तुकड्यावरून अंगठा फिरवून "वा!" म्हटल्याशिवाय ते तो यंत्राखाली सरकवत नसत.

यंत्राने पहिली सळी नाकारली. कारण, मधोमध तडा. दुसरीही नाकारली. मग नाकारतच सुटलं.

भट्टीचा प्रमुख साहेबांचा सख्खा मेहुणा होता.

"भाऊजी, तडा असता तर..."

"कारखान्यात साहेब म्हणायचं."

"साहेब, तडा असता तर सळी वाकवताना मोडली असती. मी वाकवून बघितली."

"तू खरा की यंत्र?"

मेहुण्याने भट्टी जास्त तापवली, कमी तापवली. तडा जागचा हलेना. साहेबांना त्याचंही कौतुक. "बघ, किती एकसारखं मोजतंय!" सोमवारी मेहुण्याला घरी बसवायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं.

रविवारी त्यांनी बायकोपुढे मोबाइल धरला. "बघ तुझ्या भावाचे प्रताप!"

फोटोत गोल वळणाच्या रेघा होत्या आणि त्यांना कापत गेलेला तडा.

"अहो, हा तुमचा अंगठा आहे."

"काहीतरीच! पोलाद आहे ते."

"फ्रिजवरून, आरशावरून, तुमच्या चष्म्यावरून हाच ठसा रोज मीच पुसते ना! आणि हा व्रण, डबा उघडताना कापलं होतं त्याचा. टाके घालताना केवढे ओरडला होतात!"

साहेबांनी अंगठा फोटोशेजारी धरून पाहिला. मग मुठीत लपवला.

सोमवारी फलकावर सूचना लागली: 'भट्टी विभागाच्या निष्काळजीपणामुळे नमुन्यांना हात लागत असल्याचे आढळले आहे. यापुढे हातमोजे सक्तीचे.' मेहुण्याला 'शेवटची संधी' मिळाली. साहेबांनी हातमोजे चढवले आणि कारखान्यातलं सगळं पोलाद एका दुपारीत सुधारलं.

या सुधारणेबद्दल मालकांनी साहेबांना काचेची ढाल दिली. संध्याकाळी ती घरी आली, सगळ्यांना दाखवून झाली, कपाटावर चढली. बायको सवयीने फडकं घेऊन पुढे झाली.

"पुसू नकोस, ताई," मेहुणा म्हणाला, "साहेबांची सही आहे ती."