पोद्लेसीच्या बसचा अस्सल आवाज

माणसाची फसवणूक डोळ्यांतून झाली तर ती करमणूक ठरते. पण कानांतून झाली तर तो संस्कृतीवरचा घाला असतो. हे पोद्लेसी गावातल्या सहा सुजाण नागरिकांच्या वेळीच ध्यानात आलं आणि त्यांनी ध्वनिशुद्धी मंडळ स्थापन केलं. (चेक देशातल्या मोराव्हियात सहा माणसं एका टेबलाशी बिअर पिऊ लागली की मंडळ आपोआप स्थापन होतं. उरतो तो फक्त अध्यक्ष कोण हा प्रश्न, आणि तो नावाआधी 'इंजिनियर' लावणाऱ्याच्या बाजूने सुटतो. इथे तो इंजिनियर ओटाकार क्रुपिचका यांच्या बाजूने सुटला.)

मंडळाचं कार्यक्षेत्र म्हणजे संगणकावरचा बस चालवण्याचा एक खेळ. सचिव व्लास्तिमिल झाव्हर्का याने उभी हयात पोद्लेसीची खरी बस चालवली, रोज घरी येऊन तिला शिव्या घातल्या, आणि निवृत्त झाल्याबरोबर हा खेळ आणून तीच बस पुन्हा चालवायला घेतली. त्याची बायको द्राहुशे एवढंच म्हणाली, "बरं झालं. निदान आता कपड्यांना डिझेलचा वास तरी येणार नाही."

पण व्लास्तिमिलला पहिल्याच थांब्यावर धक्का बसला. खेळातल्या बसचं दार हलका उसासा टाकून उघडलं. पोद्लेसीच्या बसचं दार असं कधी उघडलंच नव्हतं. ते आधी कण्हायचं, मग विचार करायचं, आणि ड्रायव्हरने लाथ घातली की मग उघडायचं. खेळ बनवणाऱ्यांनी ही लाथच गाळली होती. ज्या माणसाने तीस वर्षं निष्ठेने लाथ घातली, त्याला काय वाटलं असेल याचा विचार परदेशी कंपन्या करत नाहीत.

मंडळ कामाला लागलं. अशा खेळाच्या पोटात प्रत्येक आवाजाची वेगळी फाइल असते. ती काढायची आणि त्याच नावाची, तेवढ्याच लांबीची आपली फाइल तिथे ठेवायची. लांबी एका सेकंदाने जरी चुकली तरी खेळ बंद पडतो. काम सोपं होतं, म्हणून मंडळाने ते अवघड केलं. दाराचा आवाज भंगारातून आणलेल्या दारावर घेतला (लाथ सचिवांची). मागच्या सीटची करकर अध्यक्षांनी स्वतः बसून दिली. मांडीवर अळंब्यांची टोपली घेतलेल्या म्हातारीचा सुस्कारा हवा होता. त्यासाठी अध्यक्षांच्या सासूबाईंना पाचारण केलं, पण त्यांना टोपलीत खरी अळंबी असल्याशिवाय मनापासून सुस्कारा येईना, त्यामुळे पानगळीपर्यंत थांबावं लागलं. मंडळाच्या पाहणीनुसार खेळातले एक्क्याण्णव टक्के आवाज खोटे होते आणि उरलेले नऊ टक्के संशयास्पद.

ध्वनिमुद्रण चालू असताना घरात कोणी बोलायचं नाही, असा नियम एकमताने संमत झाला. द्राहुशे सभासद नसल्यामुळे तिचं मत विचारण्याचा प्रश्न आला नाही. ती आधी कुजबुजू लागली, मग खुणा करू लागली, मग खुणाही आटल्या. शुक्रवार आला की ती ओल्शान्का नदीकाठच्या त्यांच्या लाकडी घरी, आपल्या सशांकडे राहायला जाऊ लागली. सशांशी मोठ्याने बोललं तरी चालत असे. अलीकडे घरात किती छान शांतता असते, असं व्लास्तिमिल सगळ्यांना कौतुकाने सांगायचा.

शेवटी राहिलं पार्श्वसंगीत. बस गावातून जाताना खेळात कोणीतरी गिटार छेडत असे. पोद्लेसीत गिटार वाजवणारा एकच इसम होता, आणि तो कधीच ब्रनो शहरात पळून गेला होता. तेव्हा गिटारीच्या जागी गावच्या चौकाचा खरा आवाज भरायचं ठरलं. गिटारीची लांबी दोन मिनिटं वीस सेकंद. मंडळ एका बुधवारी भर दुपारी चौकात गेलं, घड्याळात बारा वाजताच यंत्र सुरू केलं आणि लांबी भरताच बंद केलं. कबुतरं आली, कारंजं आलं, खाटकाच्या दुकानाचं दार आलं. सहाही जणांनी जिवाचे कान करून ऐकलं. कोणालाही खोट काढता आली नाही.

मंडळ ज्या पबमध्ये भरायचं तिथली मालकीण हेडविका ग्लास पुसता पुसता म्हणाली, "छान झालंय हो. पण मागे तो भोंगा केवढ्यांदा वाजतोय!"

"कुठला भोंगा?" अध्यक्षांनी विचारलं.

"अहो, कुठला म्हणजे? महिन्याच्या पहिल्या बुधवारी बाराला धोक्याचा भोंगा वाजवून बघतात, तो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच तर वाजतोय."

"बाई," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "तो आवाज नव्हे. तो बुधवार आहे."

देशातले सगळे भोंगे त्या दिवशी एकदम बोंबलतात आणि सारा देश तेव्हा सूप पीत असतो. ऐकणं हे त्यात कुठेच बसत नाही. फाइल प्रसिद्ध झाली. पोर्तुगालमधल्या एका खेळाडूने काळजीने विचारलं, की तुमच्याकडे कोणतं युद्ध सुरू आहे? आपल्या कानांना अद्याप वळण लागलेलं नाही, असं मंडळाने त्याला सभ्य शब्दांत कळवलं.

पुढच्या सप्टेंबरात पाऊस लागला तो थांबायचं नाव घेईना. शनिवारी सकाळी नदीकाठाहून द्राहुशेचा फोन आला.

"व्लास्तिक, पाणी खालच्या पायरीला लागलंय. गाडी घेऊन ये लवकर. मला एकटीला पिंजरे उचलत नाहीत."

"आलोच. एवढा शेवटचा थांबा घेतो आणि निघतो."

"तू बस चालवतोयस? आत्ता?"

"अगं, प्रवासी बसलेत ना गाडीत! त्यांना काय रस्त्यात उतरवू?"

तिकडून फोन आपटला. (आवाज फार चांगला होता, पण यंत्र चालू नव्हतं.)

शेवटचा थांबा यायच्या आतच भोंगा सुरू झाला आणि व्लास्तिमिलच्या कपाळाला आठी पडली. मंडळाचा भोंगा कसा पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. हा वरखाली हेलकावे खात होता. फाइल बिघडली, असं त्याला वाटलं. त्याने हेडफोन काढले, तरी आवाज येतच राहिला. खिडकीतून. म्हणजे प्रकरण वाटलं त्याहून गंभीर होतं: खुद्द गावानेच चुकीचा आवाज लावला होता. त्याने फोन बंद केला (सभेत फोन वाजणं शिस्तभंग आहे) आणि घरातल्या सपातांवरच पबकडे धाव घेतली.

तातडीच्या सभेला सगळे हजर होते.

"हेलकावतोय," अध्यक्ष म्हणाले. "पहिला बुधवार माझ्या हयातीत कधी हेलकावला नाही."

"आज शनिवार आहे," हेडविका तळघरातून बिअरचं पिंप ओढून वर आणत म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. वारसुद्धा चुकवलाय!"

"अहो इंजिनियरसाहेब, हेलकावतो तो खरा असतो! शाळेत काय झोपा काढल्यात का? माझ्या तळघरात पाणी शिरलंय!"

"बाई, मतदान चालू आहे."

बेसूर भोंग्याबद्दल अग्निशामक दलाकडे निषेध नोंदवण्याचा ठराव पाच मतांनी संमत झाला. सहावं मत सचिवांचं होतं. सचिव आपल्या पायांकडे बघत होते. सपाता भिजल्या होत्या. पाणी दाराखालून येत होतं आणि टेबलाखालून पुढे चाललं होतं. इतकी वर्षं पुलावरून बस नेणाऱ्या माणसाला ती नदी पाठ होती. पाणी पबपर्यंत आलं म्हणजे काठावरच्या घरात ते कुठवर गेलं असेल, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. व्लास्तिमिल घाबरला, लहान मूल घाबरतं तसा घाबरला, आणि अध्यक्षांची परवानगी न घेता सभा सोडून पळाला. (सचिव शांतपणे निघून गेले, असं अध्यक्ष अजून सांगतात. ते खोटं आहे. तो बायकोचं नाव घेऊन ओरडत होता.)

काठावरच्या घराकडे नेणाऱ्या पुलाच्या बऱ्याच अलीकडे रस्ता पाण्यात संपला होता. व्लास्तिमिल तिथे गुडघाभर पाण्यात उभा राहिला. खूप वेळाने अग्निशामक दलाची होडी आली. होडीत द्राहुशे होती. मांडीवर धुण्याची टोपली, आणि टोपलीत मावले तेवढे ससे. तिने त्याच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

"छपरावर बसली होती," होडीवाला म्हणाला. "हाका मारून मारून घसा बसलाय बाईंचा. आमचा भोंगा कोणी ऐकेना, पण ह्यांना ऐकलं आम्ही पार वळणावरून!"

फोन सुरू केला तेव्हा त्यात तिचा निरोप होता. व्लास्तिमिलने तो एकट्याने ऐकला. पाण्याचा घोंघाट, आणि त्यावरून, "व्लास्तिक! अरे व्लास्तिक!" तो ढसाढसा रडला. उरलेल्या आयुष्यात हिच्या एकाही हाकेकडे कानाडोळा होता कामा नये, असं त्याने ठरवलं. आणि जिथे आपलं सगळं लक्ष असतं तिथेच ती हाक असली पाहिजे, असा सरळ विचार करून त्याने खेळातला भोंगा काढला आणि तिची हाक तिथे बसवली. लांबी कमी पडली ती पाण्याने भरून काढली.

पहिल्या दिवशी हाक आली की तो बस थांबवायचा, स्वयंपाकघरात जायचा, गुळण्या करणाऱ्या द्राहुशेकडे डोळे भरून बघायचा आणि परत यायचा. दुसऱ्या दिवशी नुसती मान वळवायचा. महिनाअखेर अध्यक्षांनी फाइल तपासून प्रशस्तिपत्र दिलं: 'अत्यंत नैसर्गिक. प्रवासात जराही व्यत्यय येत नाही.' पोर्तुगालच्या खेळाडूनेही कळवलं, की दोन फेऱ्यांनंतर ती बाई ऐकू येईनाशी होते. मोठी कमाल आहे.

मग द्राहुशेचा घसा सुटला. ती पूर्वीसारखी स्वयंपाकघरातून "व्लास्तिक, सूप गार होतंय!" म्हणून ओरडू लागली. खेळातली हाक आणि घरातली हाक एकमेकींत इतक्या बेमालूम मिसळतात, की व्लास्तिमिल आताशा एकही थांबा चुकवत नाही. मग एका शुक्रवारी द्राहुशे बहिणीकडे गेली, ती अजून तिकडेच आहे. त्याला वाटतं, ती आतच आहे. हाका तर येतात.

वाचकहो, हसायची घाई करू नका. तुम्ही हे वाचायला बसल्यापासून आतल्या खोलीतून तुम्हाला एक हाक येऊन गेली. दुसरी, जरा चढ्या आवाजात, मघाशीच आली. 'कुठली हाक?' असं विचारणार असाल, तर मंडळ तुम्हाला विनापरीक्षा सभासद करून घ्यायला तयार आहे.