बिरूनानांनी स्थळ तपासलं

माझ्या घराच्या वास्तुशांतीला बिरूनाना आले ते देवाला हात जोडायच्या आधी सरळ स्वयंपाकघरात घुसले आणि फरशीवर पालथे झाले. आचारी झारा टाकून ओरडला, "अहो, या बाबांना चक्कर आली!" माझ्या सासूबाई कांदा फोडून धावल्या. नाना मात्र शेगडीखाली नाक घालून शांतपणे हुंगत होते.

"कांदा लांब न्या आधी," ते तिथूनच म्हणाले. "वास मोडतोय."

मग कोपरावर रेलून त्यांनी जमलेल्या बायकांना समजावलं, "सैपाकाचा गॅस हवेपरीस जड असतोय. गळला की खाली बसतोय. वर उभं राहून हुंगून काय उपेग?" एवढं सांगून ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "ठीक हाय. आता देव कुटं हाय तुमचा?"

तर असे हे बिरूनाना. सोलापूरच्या एमआयडीसीत आमचं गॅसचं गोडाऊन आहे, म्हणजे मालकांचं आहे, आम्ही आपले तिथले नोकर. वेल्डिंगवाल्यांना लागणाऱ्या गॅसच्या टाक्या तिथून जातात. मी आत टेबलावर बसून कुठली गाडी कुठे जाणार ते बघते, आणि नाना बाहेर गोडाऊन सांभाळतात. सोळा वर्षं आम्ही एकत्र आहोत आणि सोळा वर्षं मी सुती साडी नेसून कामाला येते, कारण नायलॉनच्या साडीला नाना फाटकातून आत सोडत नाहीत. घसटून ठिणगी पडते म्हणे. एकदा जावेनं दिलेली छान जांभळी साडी नेसून मी मुद्दाम आले होते. नानांनी फाटकावर हात आडवा धरला. "साडी झ्याक हाय ताई. पर घरी." मी भांडभांड भांडले आणि रिक्षा करून साडी बदलून आले. दुसरं काय करणार! त्या माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

नाना मूळचे मंगळवेढ्याकडचे. वडिलांची मेंढरं होती. "बापानं मेंढरं राखली, मी टाक्या राखतो," ते सांगायचे. "फरक एवढाच, मेंढरू चुकलं तर एकच जातंय." टाक्यांशी ते बोलायचे तेही मेंढरांशी बोलावं तसंच. ऑक्सिजनच्या काळ्या टाक्या एका बाजूला, ॲसिटिलीनच्या तपकिरी-लाल टाक्या दुसऱ्या बाजूला, मध्ये भिंत. या ॲसिटिलीनला धंद्यातली सगळी माणसं डीए म्हणतात. प्रत्येक टाकीवर धोक्याचा रंगीत चौकोन तिरका चिकटवलेला असतो, कोपऱ्यावर उभा. त्याला नाना शंकरपाळी म्हणायचे. लाल शंकरपाळी म्हणजे पेटणारा गॅस, हिरवी म्हणजे न पेटणारा, पिवळी म्हणजे दुसऱ्याला पेटवणारा. नवा ड्रायव्हर आला की नाना त्याला आधी शंकरपाळ्या ओळखायला लावत, मगच गाडीची चावी.

बरं, गॅसपुरतं ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण नाना माणसांनाही शंकरपाळ्या लावत. आमचे मॅनेजर म्हणजे पिवळी. "सोता जळत न्हाईत, पर ते आले की बाकीची भडकतात." हिशेबाचे कुलकर्णी हिरवी, नायट्रोजन. "कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. पर बंद खोलीत तासभर बसा त्यांच्यासंगं, जीव गुदमरतोय." माझी हसून हसून पुरेवाट झाली आणि मग न राहवून मी विचारलं, "आणि मी हो?"

"तुमी डीए."

"का म्हणून?"

"बाकीचे गॅस कसे, हवा बेताची मिळाली तरच पेटतात. डीएचं तसं न्हाय. हवा थोडी लागू दे न्हायतर लई लागू दे, ते पेटतंयच की."

मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशी बोलले नाही. पण गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझं टेबल मॅनेजरच्या केबिनपासून उचलून खिडकीकडे नेलं आणि मध्ये फायलींचं कपाट सरकवलं. लाल आणि पिवळी शेजारी ठेवायची नसते ना! खरं सांगते, त्यानंतर आमची भांडणं निम्म्यावर आली.

मला कायम वाटायचं, या माणसानं कधीतरी काहीतरी भयंकर पाहिलं असणार. स्फोट वगैरे. नाहीतर कोण एवढं करतं? एकदा मी हिय्या करून विचारलंच. नानांनी जरा विचार केला.

"न्हाय की. तीस वर्सं झाली, एकदा बी काय झालं न्हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणून तर."

नानांना एकच मुलगी, अश्विनी. बायको किडनीच्या आजारानं गेली तेव्हा पोर सहावीत होती. नानांनी तिला एकट्यानं वाढवलं, वेणी घालायला माझ्याकडून शिकले, जिवापाड जपलं. अश्विनी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. हुशार आहे, आणि बापासारखीच हट्टी. त्या लॅबला जाळीचं दार बसवायला कुंभारीचा सागर आला. त्याचं गेट-ग्रिल बनवायचं दुकान आहे. दार बसवायला दोन दिवस पुरे होते, याला आठ लागले. बाकी तुम्हाला सांगायला नको.

अश्विनीनं बापाला स्पष्ट सांगितलं. नाना रागावले नाहीत, जातपात काढली नाही. एवढंच विचारलं, "काम काय करतोय?"

"वेल्डिंग."

"गॅसचं?"

"गॅसचं पण."

"मग बघायला पायजे," नाना म्हणाले.

मुलाचं घर बघायला जायचं तर सोबत एखादी बाई हवी, म्हणून मी गेले. नानांच्या पिशवीत नारळ, पेढ्यांचा पुडा आणि एक बाटली होती. मला वाटलं पाण्याची असेल. कुंभारीत उतरलो तर सागरची आई दारात तांब्या घेऊन उभी, आत पोह्यांचा वास सुटलेला. नाना म्हणाले, "घर नंतर. दुकान दावा."

दुकान शेजारीच होतं. आत शिरलो तर काय! डीएची टाकी जमिनीवर आडवी पडलेली, आणि तिच्यावर सागरचे मामा पाय हलवत बसलेले! पाहुणे आले म्हणून ते उठून नमस्कार करायला लागले. नानांनी नमस्कार घेतला नाही.

"डीए कधी आडवी करत्यात व्हय? आत नुसता गॅस न्हाय, औषधात मुरवलेला गॅस हाय. आडवी केली की औषध बाहीर येतंय." मग त्यांनी ती बाटली काढली. साबणाचं पाणी होतं. ब्रश घेऊन ते एकेका जोडावर पाणी लावत गेले. पहिल्याच जोडावर बुडबुडे आले. दुसऱ्यावर तर मुलं उडवतात तसे फुगे. आणि फाटलेली नळी जोडायला सागरनं फ्रीजची जुनी नळी कापून घातली होती. तांब्याची.

नाना हळूच मागे सरकले. "ह्ये कुणी केलं?"

"मी," सागर म्हणाला. "चार महिने झाले, काय झालेलं न्हाय नाना."

"डीए आन् तांबं एकत्र आलं की आत थर साचतोय. वाळला, की नुसता धक्का लागला तरी उडतोय. आन् तू त्येच्याजवळ उभा राहून माझी पोरगी मागतोयस."

नानांनी पोह्यांना हात लावला नाही. नारळ आणि पेढे पिशवीतून निघालेच नव्हते, ते तसेच परत आले. माझ्या मात्र तोंडाला पाणी सुटलं होतं, त्या पोह्यांवर शेंगदाणे असे भरभरून घातले होते की विचारू नका.

अश्विनीनं बोलणं टाकलं. स्वयंपाक करायची, वाढायची, शब्द नाही. तिसऱ्या दिवशी नाना डबा उघडून माझ्याजवळ बसले, भाकरी मोडली आणि म्हणाले, "पोरीनं भाजीत मीठ घालायचं सोडलंय." मला हसूही आलं आणि संतापही.

"नाना, तुम्ही पोरीचं लग्न ठरवताय की गोडाऊनचा परवाना देताय?"

"दोन्हीला तपासणी लागतीच की," ते म्हणाले आणि अळणी भाजी संपवली.

पण सागरही काही कमी नव्हता. पुढच्या सोमवारी तो स्वतः गोडाऊनच्या फाटकावर आला. मोबाईल बाहेरच्या पेटीत ठेवला, सुती शर्ट घालून आलेला. कुणी शिकवून पाठवलं ते माझ्या लक्षात आलं. "नाना, काय काय चुकलं ते लिहून द्या," म्हणाला. नानांनी दोन्ही बाजूंनी भरून कागद लिहून दिला.

दुसऱ्या खेपेला टाकी उभी होती, साखळीनं बांधलेली. तांबं गेलं होतं. नळ्या नव्या. मला वाटलं, चला, यावेळी पोहे मिळणार. तेवढ्यात सागरनं तेलकट हातानंच ऑक्सिजनची चावी फिरवली. "तेल!" नाना एवढ्यानं ओरडले की मामा दचकून भिंतीला टेकले. ऑक्सिजनपाशी तेल आपोआप पेट घेतं, हे मलासुद्धा पाठ आहे. झालं, परत घरी. रस्त्यात मी नुसती धुमसत होते.

यावेळी मात्र सागरच्या आईचा मला फोन आला. बाई चांगली, आवाज मऊ, पण बोलली खरं तेच. "बाई, आमाला बी मान हाय की. अकलूजचं एक स्थळ आलंय. पोरगा नको म्हणतोय, पर त्येचे मामा अडून बसलेत. तुमच्या नानांना सांगा, पुढच्या ऐतवारी काय ते व्हय-न्हाय सांगा. न्हायतर आमी मोकळे."

संध्याकाळी अश्विनी माझ्या घरी आली. इतके दिवस ताठ असलेली पोर माझ्या ओट्यापाशी उभी राहून रडायला लागली. "मावशी, मी पळून-बिळून जाणार नाही हं. नानांना सोडून तर मुळीच नाही. पण नाना मुद्दाम करताहेत का गं?"

"छे! स्वभाव आहे त्यांचा," मी म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

रविवारी आम्ही तिसऱ्यांदा कुंभारीला गेलो. बसमध्ये मी नानांना सगळं तोंडावर सांगितलं. आज नाही म्हणालात तर पोरीचं आयुष्य तुमच्या हातानं मोडाल. नाना खिडकीबाहेर बघत "व्हय, व्हय" करत राहिले.

दुकान असं आवरलेलं की ओळखू येईना. जमीन झाडलेली, दोन्ही टाक्या गाड्यावर उभ्या, साखळ्या घट्ट, आग उलटी टाकीकडे जाऊ नये म्हणून नळीला लावायची डबीसुद्धा बसवलेली. वाळूची बादली. सागरनं हात साबणानं धुऊन पुसून दाखवले. त्याची आई आणि मामा उंबऱ्यात उभे. उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या माझ्या पर्समध्ये मोबाईल थरथरत होता, अश्विनीचाच फोन, पण घ्यायची माझी छाती होईना.

नानांनी बाटली काढली. पहिला जोड. फेस बसला, खाली ओघळला. काही नाही. दुसरा, तिसरा, नळीचं टोक. काही नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण नाना परत पहिल्या जोडापाशी गेले. परत पाणी लावलं. वाकून बघत राहिले. मग दुसरा. मग परत तिसरा.

आता हद्द झाली, म्हटलं. डीए म्हणतात ना मला, दाखवतेच आज! मी तरातरा त्यांच्याजवळ गेले आणि कानाशी लागून म्हणाले, "नाना, बुडबुडा नाही. चांगलं दोनदा बघितलंत."

"थांबा की जरा," ते हळूच म्हणाले. "येईल."

ते ज्या आवाजात म्हणाले ना, तो मी सोळा वर्षांत ऐकलेला नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि माझा सगळा राग पाण्यासारखा उतरला. गळती नसावी म्हणून हा माणूस बघत नव्हता. एक तरी बुडबुडा यावा, म्हणून बघत होता.

"ताई," ते म्हणाले, "एक बी न्हाय वो."

"नाही ना, नाना."

"पोरगं चांगलं हाय."

"चांगलं आहे."

"घरात आमी दोघंच हाव," ते म्हणाले. ब्रश धरलेला हात तसाच त्या जोडावर होता. तोंडाची तोफ म्हणून माझी ख्याती, आणि मी तिथे पदर तोंडाशी धरून उभी. मागे सागरच्या आईनं घाबरून विचारलं, "काय झालं बाई? गळतंय का?"

"न्हाय," नाना म्हणाले. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी तो जोड स्वतः पुसून कोरडा केला, मग पुढचा, मग नळीचं टोक. सगळं पुसून झाल्यावर उठले, आणि विहीणबाईंकडे न बघताच म्हणाले, "तारीख धरा."