सिस्टरांचा कॉफी वॉर्ड

आमच्या शेजारच्या कांबळे सिस्टर कॉफी भाजायच्या यंत्राला स्टेथोस्कोप लावतात.

मी तिखटमीठ लावून सांगतोय असं वाटत असेल, तर निजामपुऱ्यात आमच्या दुसऱ्या मजल्यावर या. सिस्टरांचं दार उघडंच असतं. खिडकीशी टेबल, टेबलावर छोट्या ओव्हनएवढं यंत्र, त्याच्या पोटात गरगर फिरणारा जाळीचा डबा, आणि यंत्राच्या कुशीला स्टेथोस्कोप टेकवून डोळे मिटून बसलेल्या सिस्टर.

कारण साधं आहे. कच्च्या कॉफीच्या बिया भाजताना पिवळ्या होतात, मग तपकिरी, आणि मग तडतडतात. तडतड ऐकू आली की लवकरच थांबायचं, नाहीतर कोळसा. आता आमच्या इमारतीच्या खाली कापड विणायचे लूम, समोर लूम, मागे लूम. आमच्या गल्लीत नवराबायको भांडतात तीसुद्धा हातवाऱ्यांनी. तिथे कॉफीच्या बीचा आवाज कोण ऐकणार? शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा भाजा, असं मी एकदा सुचवून पाहिलं.

"म्हात्रे, पेशंट वार बघून येत नाही," सिस्टर म्हणाल्या.

सरकारी दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्या, दवाखाना त्यांच्यातून झाला नाही. यंत्र म्हणजे पेशंट. बिया घालणं म्हणजे ॲडमिट करणं. भाजून झालेली कॉफी पुडीत बांधून त्या इमारतभर वाटतात आणि वर बजावतात, "जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी नको." मी जवळ उभा राहिलो की "नातेवाईकांनी बाहेर थांबावं". फार आग्रह केला तर मला वॉर्डबॉय म्हणून आत घेतात.

यातली खरी मजा अशी की बाई स्वतः कॉफीला शिवत नाहीत. भरपूर आलं घातलेला चहा पितात.

मग हा खटाटोप कशाला? जावयासाठी. सिस्टरांची एकुलती एक रश्मी नोकरीला बंगळुरूला गेली आणि तिथेच किरणशी लग्न केलं. किरण चिकमगळूरकडचा, घरचा कॉफीचा मळा. पोरगी इतकी लांब जाणार, म्हणून सिस्टर लग्नाला गेल्या त्या पोस्टमॉर्टेमला जावं तशा. किरणच्या आईने स्वतः भाजलेली कॉफी पुढे ठेवली. सिस्टरांनी पेल्याला हात लावला नाही. कॉफीवर साय धरली, विहीणबाईंनी पेला मुकाट्याने आत नेला. त्यानंतर दोन विहिणी एकमेकींशी बोललेल्या नाहीत. हे मला रश्मीने सांगितलं. सिस्टरांनी कधी विषय काढला नाही, मीही नाही. गेल्या वर्षी किरण स्वतः हे यंत्र आणि बियांची गोणी घेऊन आला, कसं चालवायचं ते दाखवून गेला, आणि तेव्हापासून त्या सराव करत होत्या. पुढच्या खेपेला जावयाला आपल्या हातची कॉफी द्यायची, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

ती खेप एका रविवारी ठरली. शनिवारी सकाळी सिस्टरांनी माझं दार वाजवलं. "चला, इमर्जन्सी."

यंत्र मेलं होतं. डबा फिरेना, पुढची काच गरम होईना. मी म्हटलं, दुकानातून तयार कॉफीची बाटली आणू. ऑपरेशनच्या टेबलाशी वडापाव खाणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

खालच्या कारखान्यातले जॉबर अन्सारीभाई आले. लूम दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा नाही, आणि म्हणूनच त्यांना प्रत्येक यंत्रात लूम दिसतं. त्यांनी यंत्राला दोन थापा मारल्या आणि निदान केलं, "सिस्टर, इसका पट्टा गेला." सिस्टरांनी विचारलं, पट्टा आहे कुठे? तो शोधता शोधता अन्सारीभाईंचा चहा संपला, पट्टा काही सापडला नाही, आणि ते सन्मानाने खाली गेले.

"आधी श्वास बघायचा," सिस्टर म्हणाल्या. मला यंत्र उलटं धरायला लावलं. मागच्या पंख्याची जाळी दिसतच नव्हती, तिच्यावर पांढरी गोधडी बसली होती. धूर बाहेर जावा म्हणून यंत्र खिडकीशी, आणि आमच्या खिडकीतून हवेबरोबर लूमची रुई आत येते. पंख्याने वर्षभर ती ओढली होती. चिकमगळूरच्या माणसाला हे कसं सुचावं? यंत्र गुदमरलं, भलतंच तापलं, आणि आतल्या बटणाने स्वतःलाच बंद करून घेतलं. सिस्टरांनी चिमट्याने रुई काढली, जुन्या टूथब्रशने जाळी घासली, यंत्राच्या बुडाशी असलेलं लाल बटण दाबलं. डबा गरगरला.

"पेशंट स्थिर आहे," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

रविवारी पाहुणे आले. किरणने दारातच "जय भीम, आई" म्हटलं, जरा कानडी हेल काढून. सिस्टरांनी मान हलवली आणि थेट यंत्र सुरू केलं. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. मी वॉर्डबॉय म्हणून हजर होतोच. बिया पिवळ्या झाल्या, तपकिरी झाल्या. सिस्टरांनी बोट वर केलं, तडतड सुरू झाली. आणि वीज गेली.

सगळे लूम एका दमात बंद. डबा थांबला, गार करणारा पंखा थांबला, आत बिया आपल्याच उष्णतेने भाजत राहिल्या. इतकी वर्षं कसल्या कसल्या केसेस बघितलेल्या सिस्टर नुसत्या उभ्या राहिल्या.

किरण उठला. "सूप आहे?" रश्मीने सूप आणलं. त्याने फडक्याने डबा बाहेर काढला, धुरकटलेल्या बिया सुपात ओतल्या आणि खिडकीपाशी सराईतपणे पाखडायला लागला. फोलपटं सोफ्यावर, रश्मीच्या केसांत आणि माझ्या टकलावर.

"वाया नाही गेली, आई," तो म्हणाला. "घरी अम्मा अशीच करते. कढईत भाजते, सुपात गार करते."

सिस्टर मूळच्या दिघाशी गावच्या. दवाखान्यात राहून भाषा पार इस्त्रीची झाली होती, पण तेव्हा तोंडातून गावचीच आली.

"आई बरी हाय ना तुझी?"

किरणचे हात थांबले. गुडघे दुखतात, तो म्हणाला, चढउताराचा मळा आहे, जायचं बंद झालंय.

"कुठला गुडघा? सूज हाय? फोन लाव."

त्याने फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. सिस्टर मराठीत विचारत, किरण कानडीत सांगत, पलीकडून बारीक आवाजात उत्तर येई. वाटीच्या बाजूने दाबा. दुखतं? जिना उतरताना जास्त? शेवटी सिस्टर म्हणाल्या, "फोनवर गुडघा न्हाय कळत. मी येते बघायला. सांग त्यांना."

किरणने सांगितलं. मग विहीणबाई बोलायला लागल्या, आणि त्याच क्षणी वीज आली, गल्लीभर लूम सुरू झाले, किरणचं भाषांतर त्यात बुडून गेलं. सिस्टरांनी त्याच्या हातातून फोन घेतला, एका कानाला घट्ट धरला, दुसऱ्यावर तळवा दाबला, आणि कानडीचं एक अक्षर कळत नसताना कितीतरी वेळ "हां... हां" करत ऐकत राहिल्या.