मंजुरीवाचून वाहणारी टाकी

गच्चीवरची टाकी सलग तिसऱ्या सकाळी भरून वाहू लागली आणि न्हाणीघराच्या छतातून एक एकाकी थेंब संस्थापकाच्या टाळूवर पडला. लवकरच थेंबाला सोबत मिळाली.

पंप चालवणारा संगणकाचा प्रोग्राम त्यानेच लिहिलेला, म्हणून तो संस्थापक. तो प्रोग्राम त्याने जगाला मोफत वाटला होता. कुणीही वाचावा, कुणीही बदल सुचवावा. मात्र ते बदल मंजूर कुणी करावेत, या चिंतेने ग्रासून त्याने तीन महिने खपून बेचाळीस कलमांची नियमावली रचली होती. मंजुरीवाचूनचा बदल पंप स्वीकारणारच नाही, असा बंदोबस्तही केला होता.

चूक एका ओळीची होती. ती सुधारून तो मंजुरी द्यायला गेला, तर त्याला मंजुरीचा हक्कच उरला नव्हता. कलम नऊ: नव्वद दिवसांत ज्याचा एकही बदल जमा नाही, तो बाद. नियमावली लिहिणं काम धरलं जाणार नाही, हेही त्यानेच मोठ्या निःस्पृहतेने लिहिलं होतं.

"मग आता हक्क कुणाकडे?" बायकोने बादली सरकवत विचारलं.

"तुझ्या बाबांकडे."

सासरे निवृत्त ड्राफ्ट्समन, जन्मभर आराखडे काढलेले. प्रोग्रामच्या माहितीपुस्तिकेतल्या नळांच्या आकृत्या त्यांनी एकसष्ट वेळा सुधारल्या होत्या. नियमाने तेच एकमेव पात्र ठरले होते. ते शेजारच्याच खोलीत बसत.

"बाबा, तेवढं मंजूर करून टाका ना."

"जावईबापू, कामाचं तोंडी नको. लेखी पाठवा."

"अहो, पाणी वाहतंय."

"ते दिसतंय. का वाहतंय, त्याची आकृती जोडा."

त्याने आकृती जोडली. ती परत आली: नळ तिरका आहे. सरळ केला, प्रमाण चुकलं होतं. एव्हाना खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई उघडी छत्री घेऊन दारात उभ्या होत्या.

"घरात छत्री?" बायको म्हणाली.

"स्वयंपाक करत होते. पंपाचा खटका का नाही बंद करत तुम्ही?"

"यांनी काढून टाकला. माणसाच्या हाताचा भरवसा नाही म्हणे."

बाईंनी संस्थापकाकडे पाहिलं आणि छत्री त्याच्या हातात दिली.

पाचव्या आकृतीला पाणी उंबऱ्याशी पोचलं आणि मंजुरी आली. पंप निमूट थांबला. पडद्यावर त्यानेच कधीकाळी लिहून ठेवलेलं वाक्य उमटलं: नवागताचं स्वागत. आणखी दोन बदल मंजूर झाल्यास मंजुरीच्या हक्कासाठी आपला विचार केला जाईल.

बायकोने ते दोनदा वाचलं. "लग्नाला अकरा वर्षं झाली. बाबांनी तुमचं काहीतरी पहिल्यांदाच मान्य केलं."

"तात्पुरतं," शेजारच्या खोलीतून दुरुस्ती आली.