कोटेशनसाहेब कॅमेरा घेतात

कोटेशनसाहेब हे नाव त्यांना ऑफिसात कुणी दिलं ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही, पण ज्याने दिलं त्याने अगदी मापात दिलं. अख्खी नोकरी खरेदी विभागात गेलेली. तीन दुकानांचे भाव समोर असल्याशिवाय त्यांनी ऑफिसात साधी टाचणी येऊ दिली नाही. बरं, हे ऑफिसात ठीक आहे. पण घरी झाडू आणायचा तरी तीन दुकानं, आणि दात दुखला तरी तीन डॉक्टर! (तिसऱ्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत तो दात आपला आपणच पडला. साहेबांनी ते सर्वांत कमी दराचं कोटेशन म्हणून मंजूर केलं.)

अशा माणसाने एके दिवशी जेवताजेवता म्हणावं, "आपण एक डिजिटल कॅमेरा घेऊन टाकू," म्हणजे काय? बायकोच्या हातातला डाव आमटीतच राहिला.

"घेऊन टाकू? तुम्ही? टाकू?"

"म्हणजे, घ्यायचा विचार करू," साहेब लगेच सावरले.

त्याला कारण होतं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. दोन महिन्यांत ती जाणार होती आणि तिने मागून मागून काय मागावं, तर आईबाबांचा एक फोटो. दोघांचा, एकत्र. आता यात काय अवघड आहे, असं वाटून साहेबांनी माळ्यावरून सगळे अल्बम काढले, आणि मग त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. लग्नानंतर दोघं एकत्र असलेला एकही फोटो घरात नव्हता! फोटो नेहमी साहेब काढणार. जुना रोलचा कॅमेरा ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत, कारण "रोल फुकट जातो." त्यामुळे साहेब कुठल्याच फोटोत नाहीत. आणि बायको प्रत्येक फोटोत आहे, पण मानेपर्यंत. सगळ्यांचे पाय आले पाहिजेत या काळजीपोटी साहेबांनी आजवर तिची इतकी मुंडकी उडवली होती की तिच्या चपला कुठल्या साली घेतल्या हे अल्बमवरून सांगता आलं असतं, चेहरा मात्र ओळखता आला नसता. चुकून कुठे चेहरा आलाच, तर तो पोलीस चौकीत बसल्यासारखा. फोटो म्हटलं की ही बाई श्वासच रोखून धरायची.

"त्यात काय एवढं? मी काढतो की, भाऊजी!" हे तिचा भाऊ म्हणाला. याच्याकडे हातभर लांब लेन्सचा कॅमेरा होता आणि घरात सगळे त्याला कौतुकाने 'कलाकार' म्हणत. (साहेबही म्हणत. कौतुकाने नव्हे.)

"नको," साहेब म्हणाले. "माझ्या मुलीला द्यायचा फोटो मीच काढणार. रोजच्या वापराला, स्वस्त आणि मस्त असा कॅमेरा बघतो मी."

इथूनच सगळं बिघडत गेलं.

दोन महिन्यांतले सात आठवडे बघण्यात गेले. मेगापिक्सेल म्हणजे काय, झूम किती पुरे, सेल घालायचे की चार्ज करायची बॅटरी, यावर साहेबांनी ऑफिसात इतक्या जणांची डोकी खाल्ली की लोक जिन्यात त्यांना पाहून मागे फिरू लागले. मग दुकानं सुरू झाली. अर्थात तीन. आता तुलना करायची तर सगळ्या कॅमेऱ्यांतून एकाच वस्तूचा फोटो निघायला हवा, हा खरेदी विभागाचा साधा नियम. म्हणून साहेबांनी घरून टूथपेस्टची ट्यूब खिशात घालून नेली. प्रत्येक दुकानात ते काउंटरवर ट्यूब उभी करायचे, चार पावलं मागे जायचे आणि फोटो काढायचे.

पहिला दुकानदार म्हणाला, "काका, माणसाचा काढून बघा ना!"

"माणूस हलतो," साहेब म्हणाले.

दुसऱ्याने ट्यूब बघताच हात जोडले. "आम्हाला नको हो. घरी दोन पडल्यात."

तिसरा दुकानदार मात्र धीराचा होता. त्याने ट्यूबच्या डाव्या, उजव्या आणि मागच्या बाजूचेही फोटो काढू दिले. फक्त एकदा हळूच म्हणाला, "काका, अंगठा लेन्सवर येतोय तुमचा." साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष बॅटरीवर होतं. त्यांच्या हिशेबी कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे बॅटरी टिकणं, आणि मागचा पडदा बंद ठेवून वरच्या छोट्या काचेतून बघितलं की ती दुप्पट टिकते, हे कळताच त्यांनी तोच कॅमेरा पसंत केला.

"आणि ही चकती अशी फिरवली ना, की यात व्हिडिओसुद्धा निघतो," दुकानदाराने फिरवून दाखवलं.

"व्हिडिओ काय करायचाय? आम्हाला रोजच्या वापराला हवाय," साहेब म्हणाले, आणि दुकानदाराने तसाच तो कॅमेरा खोक्यात भरून दिला. तसाच. चकती परत फिरवायचं ना त्याला सुचलं, ना यांना. हा प्रकार लेक निघायच्या आदल्या दिवशीचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात सगळे जमले. संध्याकाळच्या गाडीने लेक जाणार, त्याच्या आत फोटो उरकायचे. सासूबाई आल्या होत्या. कलाकार आला होता, पण साहेबांचा मान राखून मोठा कॅमेरा घरी ठेवून. अंगात मोठ्या मोठ्या फुलांचा नवा शर्ट होता. लेकीची सुटकेस आतल्या खोलीत जमिनीवर आ वासून पडली होती आणि साहेब हातात कॅमेरा घेऊन घरभर हुकूम सोडत होते.

"सगळे खिडकीजवळ! सासूबाई, मधे या. हसा जरा."

"भाऊजी, खिडकी पाठीमागे नका घेऊ, चेहरे काळे येतील," कलाकार म्हणाला.

"तू गप उभा राहा. हं... झालं!"

"बघू कसा आलाय?" लेक पुढे आली.

"आता नाही. पडदा लावला की बॅटरी खातो. सगळे एकदम बघायचे." रोल धुऊन आल्याशिवाय फोटो बघायचा नाही, ही सवय एवढ्या वर्षांची, ती एका रात्रीत कशी जाणार? लेकीने कपाळाला हात लावला, पण आजच्या दिवशी बाबांशी वाद नको म्हणून गप्प बसली.

मग बायकोचा एकटीचा फोटो झाला. (तिने श्वास रोखला.) लेक आणि आजी झाल्या. लेक आणि मामा झाले. मामा आणि आजी झाले. मध्ये मध्ये साहेब कॅमेरा हातात लोंबकळत ठेवून स्वयंपाकघरात पाणी पिऊन यायचे, आतल्या खोलीत एक फेरी मारून यायचे आणि पुन्हा "हं, उभे राहा!" म्हणायचे. शेवटी राहिला तो खरा फोटो, दोघांचा.

"द्या इकडे भाऊजी, मी दाबतो बटण. नुसतं बटणच दाबायचंय."

"काही गरज नाही. याला टायमर आहे," साहेब म्हणाले. "आतल्या खोलीत चला. कपाटावर ठेवतो आणि धावत येऊन हिच्याशेजारी उभा राहतो."

टायमरचं बटण कुठलं हे पडदा लावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि पडदा लावायचा नव्हता. मग साहेब अंदाजाने मागचं एक बटण दाबून स्टुलावर चढले. स्टूल एका पायाने आधीच अधू होतं. बायको "अहो, अहो" म्हणेपर्यंत स्टूल एकीकडे गेलं, साहेब दुसरीकडे गेले आणि थेट लेकीच्या सुटकेसमध्ये बसले! बसले ते असे घट्ट, की गुडघे हनुवटीला टेकलेले, एका हातात कॅमेरा उंच धरलेला, आणि डोक्यावर लेकीचा नवा टॉवेल.

"कॅमेरा वाचला!" ते म्हणाले.

बायको मदतीला हात पुढे करून वाकली खरी, पण त्या टॉवेलकडे तिचं लक्ष गेलं आणि ती तशीच हसत सुटली. हसता हसता पलंगाच्या कडेला बसली, डोळे पुसले, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फुटली. शेवटी कलाकाराने भाऊजींना सुटकेसमधून उपसून काढलं. तोवर टॅक्सी यायची वेळ जवळ आली होती आणि दोघांचा फोटो राहिला तो राहिलाच.

लेक नुसतं "असू दे बाबा" म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. दोन महिने, तीन दुकानं, आणि पोरीने मागितलेली एकच गोष्ट तेवढी झाली नव्हती.

"बाकीचे तरी बघू," ती म्हणाली. कलाकाराने वायर जोडून कॅमेरा टीव्हीला लावला. सगळे समोर बसले.

टीव्हीवर पहिल्यांदा सगळ्यांची गळ्याखालची शरीरं आली. मग ती शरीरं एकदम वर गेली आणि फरशी चालू लागली.

"हे काय? फोटो चालतोय कसा?" बायको म्हणाली.

"बाबा," लेक सावकाश म्हणाली, "तुम्ही व्हिडिओ काढलाय. एकदा बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. तुम्ही 'झालं' म्हणालात ना, तेव्हा सुरू झालाय."

टीव्हीवर साहेबांच्या चपला स्वयंपाकघरात गेल्या. त्यांचा दबका आवाज आला, आणि टीव्ही मोठ्याने लावलेला असल्याने तो अजिबात दबका राहिला नाही. "तुझ्या भावाने काय घातलंय ते? बाहेरच्या खोलीचा पडदा जागेवर आहे ना, ते बघून आलो मी."

"हळू बोला. तो शर्ट मी दिलाय त्याला," बायकोचा आवाज आला.

कलाकाराने आपल्या शर्टाकडे पाहिलं. मग खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं.

"बंद कर, बंद कर, बॅटरी जाईल," साहेब घाईघाईने उठले.

"बसा तुम्ही," बायको म्हणाली. साहेब बसले.

पुढच्या तुकड्यात पुन्हा चपला, पुन्हा फरशी, आणि साहेब स्वतःशीच बोलताना. "सासूबाईंना हसा म्हटलं तर काय ते हसल्या! एवढ्याने माठाला तडा जायचा."

सासूबाईंना जरा कमी ऐकू येत असे, हीच काय ती साहेबांची आशा होती. सासूबाई पुढे सरकल्या. "आवाज मोठा करा हो जावईबापू. तड्याच्या पुढचं ऐकू नाही आलं."

साहेबांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण तिसरा तुकडा सुरू झाला. आतली खोली. उघडी सुटकेस, तिच्यात घड्या घातलेले लेकीचे कपडे. बराच वेळ नुसती सुटकेसच. मग साहेबांचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता. "एकाच ठिकाणी अर्ज केला आणि पहिलीच नोकरी घेऊन टाकली पोरीने. अगं, निदान तीन तरी बघायच्या होत्या. एखादी इथली निघाली असती." आणि मग नाक ओढल्याचा आवाज.

लेक वळून त्यांच्याकडे बघत राहिली.

"सर्दी झालीय मला," साहेब म्हणाले. "दोन दिवस झाले."

लेक त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तिने त्यांचा हात धरला. तेवढ्यात टीव्हीवर छत फिरलं, पंखा तिरका झाला, कपाट आडवं गेलं, धाडकन आवाज आला, "कॅमेरा वाचला!" ऐकू आलं आणि पडद्यावर बायकोचा चेहरा आला. पूर्ण. मुंडक्यासकट. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा, श्वास न रोखलेला, मोकळा चेहरा. इतक्या वर्षांच्या अल्बमांत एकदाही न सापडलेला.

"मामा, थांबव! इथेच थांबव!" लेक ओरडली. "हाच. मला हाच हवाय."

"अगं, पण तुला दोघांचा हवा होता ना?" कलाकार म्हणाला. "यात भाऊजी कुठायत?"

लेक उठून टीव्हीजवळ गेली. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक गुबगुबीत, गुलाबी, अस्पष्ट डोंगर उगवला होता. तिने त्यावर बोट ठेवलं.

"हे काय, इथेच आहेत बाबा! हा त्यांचा अंगठा."

कलाकाराने तोच क्षण उचलून त्याचा फोटो करून दिला. (त्याच शर्टात. साहेबांकडे तो बघत मात्र नव्हता.) लेकीने जाऊन पहिलं काम केलं ते तो फोटो चौकटीत घालून खोलीच्या भिंतीवर लावण्याचं. खाली लिहिलं: आई आणि बाबा.

चार महिन्यांनी साहेब लेकीला भेटायला गेले. दार तिच्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणीने उघडलं, तेही साखळी न काढता.

"मी तुझ्या मैत्रिणीचा बाबा," साहेब म्हणाले.

मैत्रिणीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग मागे वळून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि तिचा काही विश्वास बसेना. साहेबांनी जरा विचार केला. मग नाइलाजाने उजवा हात वर केला आणि फटीतून अंगठा आत घातला.

"अय्या, काका तुम्ही! या ना, या ना!" तिने लगेच साखळी काढली. "सॉरी हं, ओळखलंच नाही. फोटोत तुम्ही जरा बारीक वाटता."