पाणचट खळीचा तपास

या घरात मेंदू एकच आहे आणि तो माझ्याकडे आहे. शाळा मी सोडली असं लोक म्हणतात. खरं म्हणजे तिथे शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तपास बंद केला. सध्या काकांच्या बायंडिंगच्या दुकानात गुप्तहेर आहे. वरवर बघणाऱ्याला मी पुस्तकांना खळ लावताना दिसते.

त्या दिवशी वाचनालयाच्या बाई शब्दकोश घेऊन आल्या. आम्हीच नुकता बांधून दिलेला. टेबलावर ठेवला तर पुठ्ठा एकीकडे, पानं दुसरीकडे. बाई एवढंच म्हणाल्या, "खळ पाणचट आहे तुमची."

खळीचा डबा माझ्या ताब्यात असतो. काकांनी शांतपणे सांगितलं, संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही तर सोमवारपासून शाळा. ओरडले असते तर मीही ओरडले असते. शांत माणसाशी भांडायचं तरी कसं?

शब्दाचं मूळ सापडलं की गुन्हेगार सापडतो, हा माझा सिद्धांत. तिथेच तयार केला. पाणचटचं पान शोधावं लागलं नाही, माझ्या पायाशीच पडलं होतं. अर्थ दिला होता: पाणी जास्त झाल्याने कस गेलेलं. मूळ दिलं नव्हतं. म्हणजे कुणीतरी लपवत होतं.

पाण म्हणजे पाणी. चट म्हणजे चाटणं. आणि पानं मोजताना अंगठा कोण चाटतं? काकांचा मुलगा, दादा. मी त्याच्यावर बोट रोखलं. तो म्हणाला, एवढी थुंकी असती तर खळीत कशाला वाया घालवली असती, तू समोरच असतेस की.

मग दुसरी दिशा. चट म्हणजे चटकन. कायम घाईत कोण? काकू. शिवाय दुकान बंद करताना डब्यात तांब्याभर पाणी ओतताना मी तिला रोज बघितलंय.

बाई हसल्या. म्हणाल्या, 'चट' म्हणजे नुसतं 'तसलं, जरा तसं'. ओलचट, खुळचट.

"खुळचटचा अर्थ आम्हाला कोशात बघावा लागत नाही," दादा म्हणाला.

काकूने हात पुसले. खळीवर पापुद्रा धरू नये म्हणून पाणी ओततात, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणाली. मग मला म्हणाली, सकाळी आल्यावर तू काय करतेस, करून दाखव.

मी झाकण काढलं, काठी घेतली, घोटून घोटून ढवळलं. एक गुठळी राहिली नाही. बघा म्हटलं, काम असं असतं.

काकूने डब्यात डोकावून बघितलं.

"आणि वरचं पाणी कधी काढून टाकतेस?" काकूने विचारलं.

"काढून टाकायचं असतं?"

"तेच सांगत होते. तू 'कळलं, कळलं' म्हणत निघून गेलीस."

काका कॅलेंडरकडे वळले. काकूच म्हणाली, "शाळेत नको हो. तिथेही अर्धंच ऐकेल. इथे निदान मी आहे पुरं ऐकवायला."

आता अख्खा शब्दकोश मी एकटीने बांधतेय. नवी खळ, वरचं पाणी मोरीत.

पण केस वेळेत सुटली. गुन्हेगार जागेवर सापडली. पळायच्या बेतात होती, काकूने वेणी धरली.